त्या गोट्यावरून कोपर काढ

९ फेब्रुवारी २०२५, रविवार
नवीन ऐनझरी

‘गावातील एक महिला.’

असं लिवलं हाये माह्या फोटोखाली. एक महिला! एकेचाळीस वरसाआधी आपल्या घराच्या सपरीपुढं मी उभी हाये, डोक्यावर पाण्याचे दोन गुंड हायेत, अन पोटात सात महिन्याचा तू हायेस. म्हणजे त्या फोटोत तू बी हायेस, दिसत नाई येवढंच. फोटो तूच नेला, माह्या पेटीतून, मले न इचारता. नेला तर नेला. पण रिसॉर्टवाल्यानं जवा इचारलं असन का ही बाई कोण, तवा तुही जीभ का वाघानं नेली होती?

आता जोहार. मी बरी हाये. गुडघा दुखते, तोंड दुखत नाई.

पत्र काऊन लिवून राह्यली म्हणशील. फोन तू कापतं. कागद कापता येत नाई. फाडता येते, पण फाडाच्या आधी माणूस एकदा तरी वाचतेच. तुले शाळेत सोडाले जात होती तवा दारात बसून मी जेवढं शिकली, तेवढ्यात हे पत्र बसते. चुकलं तर हासजो, पण पूर्ण वाचजो.

तुह्या बहिणीची, दुर्गाची निशा शाळेच्या पोरायसंगं तुह्या रिसॉर्टात येऊन गेली. त्यायनं एक दिवस पोरायले जेवाले बोलावलं होतं. जेवणाच्या हॉलात तो बोर्ड हाये म्हणते, मोठा, दाराएवढा. डावीकडं ‘तेव्हा’, उजवीकडं ‘आता’. पोट्टीनं मोबाईलमंधी दोन्ही धरून आणले अन म्हणे, “आजी, ही तूच ना?” शिबिरातल्या परक्या डॉक्टरायनं माह्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं ते कायच्या कामाचं होतं, ते त्या दिवशी समजलं.

डावीकडचा सोमाजी गुरुजीनं काढला होता. गावातला पयला कॅमेरा तो, अन गावातला पयला मास्तर बी. उजवीकडं तू. खाकी शर्ट, छातीवर बिल्ला, गळ्यात दुर्बीण. मागं आपल्या घराची पडकी भिंत. अन एका गोट्याले कोपर टेकवून उभा, जसा काही पानठेल्यावर उभा हायेस. खाली लिवलं हाये ते निशानं तीनदा वाचून दाखवलं. मी तिच्याकडून उतरून घेतलं, म्हणजे तू म्हणशीन माय खोटं बोलते, तर म्हणता येणार नाई:

‘निर्मनुष्य ऐनझरी. गावकऱ्यांनी वाघांसाठी आनंदाने गाव सोडले. २०१० नंतर येथे मानवाचे पाऊल पडलेले नाही. छायाचित्रात : गाईड सुनिल सिडाम, प्राचीन शिळेसह.’

आनंदाने. ज्या दिवशी ट्रक आले त्या दिवशी तू ड्रायव्हरच्या बाजूले बसला होता, म्हणून तुले मागचं काही दिसलं नाई. मागं आमी होतो. आनंद होता का नाई ते आमाले इचाराचं होतं.

दोन कामं सांगते. एक, माह्या फोटोखाली माहं नाव लाव. बुधरी जंगू सिडाम. दुसरं, त्या गोट्यावरून कोपर काढ. काऊन ते इचारू नको. फोटोतून कोपर कसं काढाचं ते मले मालूम नाई. तू शिकला हायेस.

तुही माय,
एक महिला


२ मार्च २०२५

तुहा फोन आला होता. मले नाई, निशाले. तिनं तो स्पीकरवर ठेवला अन मी चुलीपाशी गप बसून आयकला, म्हणून आता जे बोलला ते नाकारू नको.

तू म्हणला, “आजीले सांग, ते डिझाईनवाल्यानं लिवलं. नाव बदलून देतो. अन पत्र रिसॉर्टच्या पत्त्यावर नको पाठवू म्हणा, पोरं हासतेत.”

निशानं इचारलं, “अन कोपराचं मामा?”

“कोपराचं काय? फोटोग्राफर म्हणे जरा स्टाईलमंधी उभे राहा. मी राह्यलो. आता त्या गोट्याले का दुखते?”

पोरं हासतेत तर हासू दे. त्यायले म्हणा, तुमची माय तुमाले पत्र लिवते का? आदी ते सांगा, मंग हासा.

निशानं ते दोन्ही फोटो चंद्रपूरच्या दुकानातून मोठे छापून आणले. मी भिंतीवर शेजारी-शेजारी लावले. लोकं येतेत, पाह्यतेत, चुकचुक करतेत. कोणाची बायको तर रडली. मी नाई रडली. मी मोजून राह्यली, काय होतं अन काय उरलं.

कवेलू. डाव्या फोटोत छपरावर सारे हायेत, उजव्यात एक नाई. लोकं म्हणतेत, अरेरे. कायचं अरेरे? कवेलू आपणच उतरवून इथी आणले, ट्रकात भरून. वाघानं नाई नेले. भिंत पडली. पडू दे. मातीची होती, मातीत गेली. दरसाल सारवून सारवून माह्या पाठीचा कणा मोडला त्या भिंतीपाई. मले तिचा पुळका नाई. इथी सिमेंटची भिंत हाये, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, पण सारवाव लागत नाई. खोटं कायले बोलू?

विहिरीत पिंपळ उगवला हाये, डोकं बाहेर काढून पाह्यते. शाळेची भिंत मात्र उभी, त्यावरचं अ आ इ अजून वाचता येते. गाव गेलं, सरकारी चुना राह्यला.

आपल्या घरामागचं मोहाचं झाड दोन्ही फोटोत हाये. आता जाड झालं. जंगल सरकारचं असलं तरी मोहाचं झाड घराघराचं राह्यते, हे तुले सांगाची गरज नाई. फुलं पडाच्या आधी बुडाखालचा पाला झाडून जाळाव लागते, झुडपं काढाव लागतेत, नाई तर येचाले काही सापडत नाई. उजव्या फोटोत सगळीकडं छातीएवढं रान वाढलं, पण आपल्या झाडाखालीच घेरा मोकळा दिसते. आंगणासारखा. वाघ झाडून जात असतीन.

आता गोटा. डाव्या फोटोत माह्या उजव्या हाताले तुह्या आज्याचा गोटा हाये, माह्या गुडघ्याएवढा. तुहा आजा मेला तवा नाल्यातून आणून उभा केला होता. सारं गाव जेवलं होतं. आपल्यात माणूस मातीत गेला का त्याचा गोटा उभा कराव लागते, त्याच्या गावात, त्याच्या लोकायजवळ. नाई केला तर तो कुठी बसन? हवेवर?

तुहा बाप या नवीन गावात आला अन दहा वरसानं मेला. त्याचा गोटा लावाचा होता. मी तुले म्हणलं, चाल, जुन्या गावी लावू, त्याच्या बापाच्या बाजूले. तू काय म्हणला ते तुले आठवत नसन, मले आठवते. “माय, तिथी पाय ठेवला तर माहा बिल्ला जाईन. इथीच लाव, रोडाच्या बाजूले.”

रोडाच्या बाजूले किलोमीटरचे गोटे लावतेत, बापाचे नाई लावत. मी दोन वरसं वाट पाह्यली तुही. तवापासून आपलं बोलणं बंद. या पाच वरसात तू दिवाळीले दोनदा आला, चहा पेऊन गेला. एकदा तरी इचारलं का, माय, मंग बाबाचा गोटा कुठी लावला? नाई इचारलं. तर मी बी सांगत नाई.

बुधरी


३० मार्च २०२५

गावात आला अन घरी आला नाई. खुशाल पाटलाच्या ओट्यावर बसला, तिथी चहा पेला, तिथी कोंबडी खाल्ली. माहं घर तिथून चाळीस पावलं हाये. फोटोतलं पडकं घर पाहाले तू रिसॉर्टातून दोन तास जीपमंधी बसून जातं, उभं घर पाहाले तुह्याच्यानं चाळीस पावलं होत नाईत.

कोंबडी मी बी खाल्ली. कोंबडीचा का कसूर.

जे झालं ते तुह्या डोळ्यापुढं झालं, तरी लिवते, कारण तू पाह्यलं एक अन झालं दुसरंच.

खुशाल पाटलानं माह्या भिंतीवरचे फोटो उतरवून नेले. ओट्यावर मांडले. सुतळी काढली. आदी माह्या फोटोवर लावली, मंग तुह्या. मंग उभा राहून ओरडला, “बुधरीबाई, इकडं ये! डाव्या फोटोत गोटा तुह्या गुडघ्यापर्यंत. उजव्यात सुनिलच्या कमरेपर्यंत. वाढला का नाई?”

मी म्हणलं, “सुनिल बुटका हाये.”

सारे हासले. तू बी हासला.

“मजाक सोड बाई! दीड हात वाढला तुहा सासरा! मेलेला माणूस खुश असला का त्याचा गोटा वाढते, नाराज असला का खचते. लहानपणापासून आयकत आलो, आज डोळ्यानं पाह्यलं.”

बस, मंग का पुसता. बायायनं फोटोपुढं हात जोडले. म्हाताऱ्या-कोताऱ्यायनं कानाले हात लावले. कोणी हळद आणली, कोणी तांदूळ. मोबाईलवरून छापलेल्या फोटोले टिळा लागला. कोंबडी कोणाच्या घरची होती ते मले मालूम हाये, पण ती गोष्ट वेगळी.

मंग खुशालनं पोटातलं बाहेर काढलं. “फॉरेस्टचे साहेब म्हणून राह्यले का जुन्या ऐनझरीत पाणवठा कराचा हाये. घरायच्या पडक्या भिंती, ओटे, सारं मशीननं सपाट कराचं अन मधात पाणी. मे महिन्याच्या एक तारखेले ग्रामसभा हाये, गावाचं ‘हरकत नाही’ पायजे. मी आतापर्यंत भेत होतो, पुरख्यायचे गोटे हायेत म्हणून. पण आता पुरखाच खुश हाये! आपण गाव सोडलं ते त्याले आवडलं, नाई तर वाढला असता का? साहेब गोटा इज्जतीनं उचलून गेटवर लावतो म्हणतेत. पर्यटक पाया पडतीन.”

लच्छू, तुहा काका, माह्या बाजूले बसला होता. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यलं नाई.

खुशालनं तुले इचारलं, “काऊन गा सुनिल, तू तर तिथी उभा होता. आज्याचाच गोटा ना?”

अन तू म्हणला, “हो, आज्याचाच. मी हात लावून पाह्यला ना.”

हात लावून पाह्यला म्हणते!

मी गप राह्यली. आयुष्यात पयल्यांदा. लोकायनं समजलं बुधरीबाईले गहिवरून आलं. गहिवरून नाई आलं. मी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. सारे तुह्या भवताल होते, वाढलेल्या आज्याचा नातू म्हणून तुह्या पाठीवर हात फिरवून राह्यले होते, अन तू फुलून राह्यला होता. तुले खरं बोलाचा मौका होता. एकदा नीट आठवून पाह्यलं असतं, का आज्याचा गोटा मी लहानपणी ओलांडून उडी मारत होतो, तो कमरेएवढा कसा झाला? बिल्ला लावला का माणसाची अक्कल छातीवर येते, डोक्यात राहत नाई.

तुले मालूम हाये का पुरखे खुश झाले का नाई? मले नाई मालूम. जिवंत माणूस खुश हाये का नाई ते तुले कळत नाई, अन मेलेल्याचं सांगाले बसला.

फोटो मी परत आणून भिंतीवर लावले. हळदीचा डाग तुह्या बुटावर पडला हाये.

माय


६ एप्रिल २०२५

नवीन बोर्डाचा फोटो निशाच्या मोबाईलवर आला. ‘श्रीमती बुधरीबाई जंगू सिडाम, ऐनझरी.’ पाह्यलं. बरं दिसते. दुर्गा म्हणे, माय, आता तरी खुश हो. मी म्हणलं, मी का गोटा हाये, वाढून दाखवू?

साडी पाठवली ती परत पाठवून राह्यली. रंग भडक हाये अन ज्या गोष्टीसाठी पाठवली ती गोष्ट साडीची नाई.

एक काम झालं. दुसरं राह्यलं. कोपर.


२२ एप्रिल २०२५, मंगळवार

आता लिवते. दोन बैठकीत लिवलं हे पत्र, मधात भाकरी केली. नीट बसून वाच. जीपमंधी वाचू नको.

आज सकाळी उजाडल्यावर मी जुन्या गावी गेली होती. लच्छू अन त्याची बायको सोमारी संगं होते. मंगळवारी सफारी बंद राह्यते, वाघाले सुट्टी राह्यते, अन तुमाले बी. नाल्याच्या वाटेनं दोन तास लागतेत. आदी दीड लागत होता, आता गुडघा संगं येते.

हो. मी जाते. पंधरा वरसं झाले, एक साल चुकली नाई. ज्या साली सारी दुनिया घरात कोंडून होती त्या साली बी गेली. मोहाखालचा घेरा हवेनं साफ नाई झाला अन वाघानं बी नाई केला. हा झाडू माहा हाये. ‘मानवाचे पाऊल पडलेले नाही’ म्हणतं, तर माह्या पावलाले का म्हणतेत तुह्या रिसॉर्टात? वाघानं मले दोनदा पाह्यलं, मी त्याले एकदा. तो रस्त्यानं गेला, मी आपली फुलं येचली. त्यानं माहा फोटो नाई काढला, म्हणून आमचं भांडण नाई.

आता गोट्याचं आयक.

तू ज्याले टेकून उभा हायेस तो तुहा आजा नोय. तुहा आजा दोन हात डावीकडं हाये, गवतात, माह्या गुडघ्याएवढाच. वाढला नाई, खचला नाई. गवत वाढलं म्हणून फोटोत दिसत नाई. उजवा गोटा वेगळा हाये. तीन वरसाआधी, मोहाच्या दिवसात, मंगळवारीच, आमी तिघायनं तो नाल्यातून आणला. नाल्यापासून चढ हाये, तुले मालूम हाये. माहुलीच्या वेलाच्या सालीचा दोर केला, खाली बांबू घातले, अन ओढत नेला. लच्छूची कंबर तवापासून गेली ती आजपर्यंत आली नाई. सोमारी अर्ध्या रस्त्यात बसून म्हणे, “बाई, याच्याहून उलसा गोटा नोयता का?” मी म्हणलं, “नवरा उलसा होता का?” मंग उठली.

खड्डा मी खोदला. कोणी ढोल वाजवला नाई, गाव जेवलं नाई. तिघं होतो, तिघायनं एक-एक मूठ भात खाल्ला, गोट्यापुढं एक मूठ ठेवला अन परत आलो.

तो तुह्या बापाचा गोटा हाये, सुनिल. तू तुह्या बापावर कोपर टेकवून उभा हायेस, अन खाली लिवलं हाये प्राचीन शिळा. तीन वरसाची प्राचीन शिळा! तुह्या छातीवरचा बिल्ला तिच्यापेक्षा जुना हाये.

इस्वास बसत नसन तर जा, फोटोले परवानगी भेटली तशी याले बी भेटन. गोट्याच्या मागच्या बाजूनं, बुडाशी, वीतभर माती काढ. त्याची तंबाखूची डबी पुरली हाये. तीच, जिच्यावर तू चौथीत असताना खिळ्यानं वाघ कोरला होता अन तो कुत्र्यासारखा झाला, अन तुहा बाप मरेपर्यंत लोकायले दाखवत होता का माह्या पोरानं वाघ काढला. तुले जंगलात वाघ ओळखाचा पगार भेटते. त्या डबीवरचा ओळखता येते का पाह्य. ओळखला का माती पुन्हा झाकजो. डबी घेऊन येऊ नको. ती त्याची हाये.

खुशाल म्हणते वाढते. मी दरसाल हातानं मोजते. तुह्या बापाचा गोटा तीन वरसात एक बोट वाढला नाई, एक बोट खचला नाई. तो खुश हाये का नाराज हाये ते मले मालूम नाई. जिवंत होता तवा बी सांगत नोयता.

हे मी खुशालच्या ओट्यावर काऊन नाई सांगतलं? लच्छू-सोमारीवर केस होईन म्हणून, हे एक. दुसरं, मी पाहून राह्यली होती का तू ओळखतं का. नाई ओळखलं. आता पाह्यणं संपलं, कारण आज मी तिथी गेली तर कोणीतरी चुन्यानं गोल मारून ठेवला हाये. मोठा, खळ्याएवढा. मधात आपलं घर, मोहाचं झाड, तुहा आजा अन तुहा बाप. मशीन तिथूनच खोदन. तुहा बाप गेटवर जाईन, पर्यटकायचे कोपरं झेलाले. तुहा आजा तर कोणाले दिसलाच नाई, तो मातीसंगं ट्रॉलीत जाईन.

मी पायानं तो चुना पुसला. जेवढा पुसता आला तेवढा. हे बी लिवून ठेवते.

मे महिन्याच्या एक तारखेले ग्रामसभा हाये. साहेब येणार हाये. मी पाणवठ्याले नाई म्हणत नाई. वाघाले बी तहान लागते, अन त्यानं माहं काही बिघडवलं नाई. पण पाणी गावाच्या डोक्यावर कायले? शंभर पावलं खाली, जिथी आमी ढोरं धुत होतो, तिथी जेठात बी पाणी राह्यते. साहेबाच्या नकाशात ते नसन, माह्या पायात हाये. मी जागा दाखवते. गोटे जिथल्या तिथी राहू द्या, मोहाचं झाड राहू द्या, अन वरसातून एक दिवस आमाले तिथी जाऊ द्या. मंगळवार द्या. कोणाचं काही जात नाई.

साहेब म्हणन, पंधरा वरसं तिथी कोणी गेलं नाई, आता कायचा दिवस? तर माह्याजवळ दोन फोटो हायेत. एकात आज्याचा गोटा, दुसऱ्यात नवा गोटा. गाव खाली झाल्यावर जो गोटा उभा झाला तो वाघानं उभा केला का? तुमीच काढलेला फोटो हाये, तुमच्याच माणसाचं कोपर हाये त्याच्यावर.

केस होईन माह्यावर. होऊ दे. जंगलात घुसली, चुना पुसला, फुलं येचली, नवरा उभा केला. माहं नाव आता बोर्डावर हायेच, त्यायले धुंडाव लागणार नाई. घराचा फोटो बी त्याच बोर्डावर हाये. लच्छूचं अन सोमारीचं नाव माह्या तोंडून निघणार नाई. गोटा एकटीनं ओढला म्हणीन. एकटी बाई येवढा गोटा ओढू शकत नाई म्हणतीन तर ओढून दाखवीन.

तुहा बिल्ला जाईन का? जाईन बी. मी खोटा दिलासा देत नाई. गेला तर धानाची बांदी हाये, अन रोवणी तू विसरला नसशीन. बिल्ला दुसरा भेटते. त्या गोलातला गोटा एकदा उपटला का तसा पुन्हा लागत नाई, कारण ओढाले लच्छूची कंबर राह्यली नाई.

आता काम सांगते.

त्या एक तारखेले, सकाळी दहा वाजता, शाळेच्या पटांगणात येजो. पाटलाच्या ओट्यावर बसाचं नाई. मी फोटो घेऊन पुढं बसली राहीन. साहेब फोटोवर बोट ठेवून इचारनच, हा गोटा कोणाचा. खुशाल उठून म्हणन आज्याचा. लच्छूले मी सांगून ठेवलं हाये, त्यानं तोंड उघडाचं नाई. सोमारीनं नाई. निशानं नाई, दुर्गानं नाई. कोणी लावला इचारलं तर ते मी सांगीन, ते माहं काम. पण कोणाचा हाये हे मी सांगणार नाई, साहेबानं दहादा इचारलं तरी. ते बायकोचं काम नोय, पोराचं हाये. त्याचं उत्तर तू द्याचं. उभं राहून, सारं गाव आयकन असं, अन कायलेच न टेकता.

बुधरी जंगू सिडाम
ऐनझरी